गुळाचा रंग आणि गुळाचा टिकाऊपणा

कोल्हापूरच्या बाजारांत गुळाचा सौदा निघाला म्हणजे व्यापारी रवा फोडून पाहतो, कण बोटांत चोळतो, एखादा खडा तोंडांत टाकतो. परंतु भाव ठरतो तो मुख्यतः डोळ्यानें. फिकट पिवळा, सोनेरी झांक असलेला गूळ वर चढतो, तांबूस गूळ मागें राहतो, आणि काळसर गुळाकडे कोणी वळूनहि पाहत नाहीं. शाहू छत्रपतींनीं १८९५ सालीं शाहूपुरी पेठ वसविली. पुढें गुळाचा व्यापार वाढला, गुजराथेंतील मोठें गिऱ्हाईक त्यास लाभलें, आणि त्या गिऱ्हाइकाची आवड हीच येथल्या गुळाची कसोटी होऊन बसली. २०१४ सालीं कोल्हापुरी गुळास भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली, म्हणजे हें नांव कायद्यानें या प्रदेशाचें ठरलें. नांवाचें रक्षण झालें. परंतु त्या नांवाखालीं जो माल बाहेर जातो त्याचें रक्षण नोंदणीच्या कागदानें होत नाहीं. तें काहिलीजवळच व्हावें लागतें.

गुळाचा रंग कशानें बनतो व कशानें बिघडतो, आणि गूळ टिकण्याशीं त्याचा संबंध कितपत आहे, हें नीट समजून घेणें आज फार अगत्याचें झालें आहे. कारण रंग आणि टिकाऊपणा या दोन गोष्टी एकच आहेत अशा समजुतीवर बाजार चालला, आणि त्या समजुतीचा फायदा घेऊन गुऱ्हाळांत एक पांढरी भुकटी शिरली. तिच्याविषयीं पुढें लिहावयाचें आहे. आधीं मूळ वस्तूकडे वळूं.

गुळाची घटना:— चांगल्या गुळांत दर शेंकडा सुमारें ७० ते ८५ भाग उंसाची मूळ साखर असते. ५ ते १५ भाग फुटलेली साखर, कांहीं भाग पाणी, आणि उरलेले थोडे क्षार, प्रथिनें व इतर द्रव्यें. यांपैकीं फुटलेली साखर म्हणजे काय हें ज्यास कळलें त्यास गुळाचें निम्में शास्त्र कळलें. उंसाची साखर आम्ल रसांत तापत राहिली, किंवा तोडलेल्या उंसांत तशीच पडून राहिली, कीं तिचा एक कण फुटून त्याचे दोन होतात. एक द्राक्षशर्करेचा, दुसरा फलशर्करेचा. या दोन्ही साखरा गोडच आहेत, परंतु त्यांचा कण सहजासहजीं बांधला जात नाहीं. आणि फलशर्करा तर हवेंतील ओलावा ओढून घेण्यांत फार तत्पर. म्हणून ज्या गुळांत फुटलेली साखर अधिक तो मऊ राहतो, पावसाळ्यांत पाझरतो, आणि पाझरलेल्या गुळास बुरशी लागावयास वेळ लागत नाहीं. गूळ टिकतो कीं नाहीं, याचें मुख्य उत्तर या एका आंकड्यांत व पाण्याच्या आंकड्यांत आहे. रंगाच्या आंकड्यांत तें नाहीं.

मग रंग कशाचा? उंसाच्या सालींत व कांड्यांच्या पेरांत कषाय द्रव्यें असतात. हवेचा व लोखंडाचा संसर्ग झाला म्हणजे तीं काळवंडतात. अडकित्त्यानें सुपारी कातरली म्हणजे पात्यावर डाग पडतात, तशांतलाच हा प्रकार. दुसरें, फुटलेली साखर व रसांतील प्रथिनांचे अंश एकत्र तापले कीं तांबूस द्रव्य तयार होतें. भाकरीचा पापुद्रा तांबूस होतो तो याच क्रियेनें. तिसरें, काहिलीच्या कडेस रस करपला तर त्याचा रंग सर्व आधणांत उतरतो. यावरून लक्षांत येईल कीं, स्वाभाविकपणें पिवळा आलेला गूळ हा बहुधा चांगल्या उंसाचा, ताज्या रसाचा व काळजीनें केलेल्या कामाचा असतो. बाजारानें रंगास मान दिला तो अगदींच वेडेपणानें दिला असें नव्हे. रंग ही चांगल्या गुळाची साक्ष होती. ती साक्ष जोंवर खरी होती तोंवर डोळ्यानें केलेला सौदाहि बहुतांशीं न्यायाचा होत असे.

शेतांतील गूळ:— गुऱ्हाळवाल्यांत एक म्हण पडल्यासारखी आहे कीं गूळ गुळव्याच्या हातांत असतो. गुळव्याचें कसब थोर खरें. परंतु शेतांत बिघडलेला ऊंस काहिलींत सुधारत नाहीं. कोल्हापूर येथें महात्मा फुले कृषि विद्यापीठाचें प्रादेशिक ऊंस व गूळ संशोधन केंद्र आहे. गुळाकरितां कोणता वाण चांगला याचा अभ्यास तेथें बराच झालेला आहे. को ९२००५ हा वाण गुळाच्या रंगाकरितां व कणाकरितां त्या भागांत नांवाजला गेला. कोसी ६७१ हा लवकर पक्व होणारा व साखरेस चढा. को ८६०३२ सर्वत्र पसरलेला. वाणाची निवड करतांना टनांचा आंकडा पाहणें साहजिक आहे, परंतु ज्यास गूळच करावयाचा आहे त्यानें रसाची गोडी व रंग हीं आधीं पाहावीं.

पक्वतेचा हिशोब मात्र प्रत्येकानें स्वतः मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, एक टन म्हणजे १००० किलो उंसांतून चरकानें शेंकडा ६२ प्रमाणें ६२० किलो रस निघाला. रसाचा ब्रिक्स, म्हणजे दर शेंकडा विरघळलेल्या घनपदार्थांचें मान, जर २० असेल तर त्या रसांत १२४ किलो घनपदार्थ आहेत. ऊंस अपक्व असून ब्रिक्स १७ च असेल तर तेच १०५ किलो भरतात. मळीबरोबर थोडें जातें व गुळांत थोडें पाणी राहतें. हीं दोन्हीं जवळजवळ एकमेकांस फेडतात, म्हणून हेच आंकडे गुळाचे धरण्यास स्थूलमानानें हरकत नाहीं. एका टनामागें १८ ते १९ किलो गुळाची ही तूट. शिवाय पहिल्या रसांत एका किलो गुळामागें ४ किलो पाणी आटवावें लागलें, दुसऱ्यांत जवळजवळ ५ किलो. म्हणजे जळण अधिक, वेळ अधिक, आणि अधिक वेळ तापल्यामुळें फुटलेली साखरहि अधिक. अपक्व उंसांत ती मुळांतच जास्त असते ती वेगळीच. हातांत धरण्याचा ब्रिक्समापक आतां पुष्कळ ठिकाणीं मिळतो. उंसाच्या बुडख्याकडील रस व शेंड्याकडील रस दोन्ही तपासावे. दोहोंचे आंकडे एकमेकांच्या जवळ आले म्हणजे ऊंस तोडणीस आला. नुसता बुडख्याचा रस पाहून समाधान मानूं नये, कारण बुडखा नेहमींच गोड लागतो.

नत्रखताविषयीं येथें दोन शब्द लिहिले पाहिजेत. मोठ्या बांधणीनंतर, ऊंस वाढतच राहावा म्हणून जे शेतकरी युरिया टाकतात, त्यांचा ऊंस हिरवागार व वजनदार दिसतो. कारखान्याच्या काट्यावर तो कदाचित् खपूनहि जाईल. गुऱ्हाळावर मात्र त्याचा गूळ मऊ व तांबूस होतो, कारण रसांत प्रथिनांचे अंश वाढतात आणि साखर भरण्यास उशीर लागतो. तोडणीपूर्वीं सुमारें पंधरा दिवस पाणी तोडावें हेंहि याच हिशोबांतलें. पंचगंगा व कृष्णा यांच्या कांठच्या, विशेषतः शिरोळकडच्या ज्या जमिनी अति पाण्यानें क्षारयुक्त झाल्या आहेत, तेथील गूळ चवीस खारट येतो व क्षारांमुळें ओलावाहि लवकर धरतो. अशा जमिनींतील ऊंस गुळाकडे न नेणेंच बरें. आणि न्यावाच लागला तर त्याचें आधण स्वतंत्र ठेवावें, दुसऱ्या शेताच्या चांगल्या रसांत मिसळून दोन्ही बिघडवूं नये. २०१९ च्या महापुरांत जो ऊंस पाण्याखालीं उभा राहिला त्यास कांड्यांवर मुळ्या फुटल्या, पांगशा आल्या, कित्येक ठिकाणीं आंतून पोकळी पडली. अशा उंसाच्या रसांत साखर घटते व चिकट द्रव्यें वाढतात. पुरानंतरच्या हंगामांत गूळ बिघडला म्हणून गुळव्यास दोष देण्यांत अर्थ नसतो.

तोडणीपासून चरकापर्यंतचा वेळ हा सर्वांत दुर्लक्षिलेला भाग. तोडलेला ऊंस मेलेला नसतो. त्यांतील पाचक द्रव्यें साखर फोडण्याचें काम चालूच ठेवतात, आणि कापलेल्या तोंडांतून जंतु शिरून रसास चिकट, तार सुटणारा करतात. उन्हाळ्याकडे ही क्रिया फार वेगानें होते. ऊंस शक्य तों त्याच दिवशीं गाळावा, चोवीस तासांपलीकडे तर कधींहि ठेवूं नये. वाढ्याकडील कोंवळीं कांडीं, पाचट व माती यांसह ऊंस चरकांत घालणें म्हणजे मळी विकत घेणें होय. चरक रोज धुवावा. रात्रभर साचलेला शिळा रस सकाळच्या ताज्या रसास विरजण लावतो.

काहिलींतील काम:— ताज्या रसाचा सामू साधारणपणें ५.२ च्या आसपास असतो, म्हणजे रस किंचित् आंबट असतो. या आंबटपणांत तो तसाच उकळला तर साखर फुटत राहील. म्हणून चुन्याची निवळी घालून सामू ६ च्या थोडा वर आणावयाचा असतो. यापलीकडे जाऊं नये. चुना जास्त झाला तर साखर फुटण्याचें थांबतें, परंतु फुटलेली साखर चुन्यानें काळी पडते आणि गुळास तुरट, खारवट चव येते. कमी चुन्यानें मऊपणा व जास्त चुन्यानें काळेपणा, अशा दोन दऱ्यांमधील ही पायवाट आहे. गुळव्या अंदाजानें मापें घालतो व अनुभवी गुळव्याचा अंदाज बहुधा बरोबर येतो. परंतु प्रत्येक शेताचा रस सारखा नसतो. सामू पाहण्याचे रंगीत कागद अगदीं स्वस्त असतात. एक पट्टी रसांत बुडवून पाहण्यास अर्धें मिनिट लागत नाहीं, आणि तेवढ्यानें त्या आधणाचें पुष्कळसें भवितव्य कळतें. गुऱ्हाळावर हजारों रुपयांचा चरक घेणारे गृहस्थ हे कागद कां ठेवीत नाहींत, याचें आश्चर्य वाटतें.

मळी काढण्याकरितां रानभेंडीचा चिकट रस घालण्याची आपली जुनी पद्धति उत्तम आहे. भेंडीचीं ताजीं खोडें ठेचून पाण्यांत कुसकरलीं म्हणजे जो बुळबुळीत द्रव निघतो, त्याच्या जाळ्यांत रसांतील गढूळ कण सांपडतात व तापमान वाढूं लागलें कीं ते वर येतात. कांहीं प्रांतांत भुईमुगाचें किंवा एरंडीचें दूध याच कामीं वापरतात. पहिली मळी रस उकळण्यापूर्वींच, ८५ ते ९० अंशांच्या दरम्यान, जाड थरानें वर येते. तेव्हां जाळ मंद ठेवून ती सावकाश पूर्ण काढावी. येथें घाई झाली आणि रसास उकळी फुटली, तर वर आलेली मळी पुन्हां रसांत मोडते. मग ती कोणत्याहि उपायानें निघत नाहीं. चांगला रंग व वाईट रंग यांतील निम्मा फरक या पावघटकेच्या सबुरीवर आहे, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. मळी निघाल्यावर मात्र जाळ जोराचा करावा व पाणी लवकर आटवावें. येथें रेंगाळणें हानिकारक.

उतरण्याची वेळ गुळव्या पाण्यांत पाक टाकून व गोळी वळून ठरवितो. काकवी १०५ ते १०६ अंशांस उतरते. ढेपेचा गूळ ११६ ते ११८ अंशांस. कणीदार भुकटीचा गूळ १२० ते १२२ अंशांस. तापमापक वापरणारांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपांचशें मीटरांहून उंच आहे, त्यामुळें तेथें साधें पाणीच सुमारें ९८ अंशांवर उकळतें. पुस्तकांतील आंकडे समुद्रसपाटीचे असतात. म्हणून हंगामाच्या आरंभीं तापमापक उकळत्या पाण्यांत बुडवून पाहावा, आणि तो १०० पेक्षां जितका कमी दाखवील तितकें प्रत्येक आंकड्यांतून वजा करावें. असें न केल्यामुळें पुस्तक वाचून काम करणाऱ्याचा गूळ दोन अंश जास्त तापतो, करपट होतो, आणि मग दोष पुस्तकास लागतो.

हायड्रॉस:— आतां त्या भुकटीकडे वळूं. सोडियम हायड्रोसल्फाइट या रासायनिक द्रव्यास गुऱ्हाळावर हायड्रॉस म्हणतात. कापडाच्या धंद्यांत रंग उडविण्यास तें वापरतात. काहिलींत पाक तयार होत आला असतां तें टाकलें कीं पाकाचा तांबूसपणा डोळ्यांदेखत उतरतो व पिवळी झांक येते. हें कसें घडतें? हें द्रव्य रंगीत द्रव्यांतील प्राणवायु हिरावून घेतें, त्यामुळें त्यांचा रंग दिसेनासा होतो. परंतु तीं द्रव्यें गुळांतच राहतात. पुढें गूळ हवेंत राहिला म्हणजे हवेंतील प्राणवायु तीं पुन्हां घेतात, आणि उडालेला रंग परत येतो. म्हणून माघांत सोन्यासारखा दिसलेला रवा आषाढांत विटकरी झालेला आढळतो. शुद्ध गूळहि कालांतरानें काळवंडतो हें खरें. परंतु तो जसा होता त्यापासून हळूहळू उतरतो. हायड्रॉसचा गूळ आपल्या मूळच्या, झांकलेल्या रंगावर परत जातो, आणि तेथून पुढें उतरूं लागतो.

अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणें गुळांत गंधकाच्या वायूचा अंश दहा लाख भागांत ७० भागांहून अधिक असतां कामा नये. हायड्रॉसचें माप गुळव्याच्या मुठीवर असतें, आणि मुठीस ७० चा आंकडा कळत नाहीं. दमेकरी मनुष्यास गंधकाच्या अशा अंशांपासून त्रास होऊं शकतो हें वैद्यकांत सर्वमान्य आहे. साखर टाळून गूळ खाणारें गिऱ्हाईक मुख्यतः प्रकृतीच्या विचारानें गुळाकडे वळतें. त्याच्याच ताटांत हें द्रव्य जावें, यांतील अन्याय सांगण्याची गरज नाहीं.

तथापि माझ्या मतें शेतकऱ्याचें याहून मोठें नुकसान निराळ्याच ठिकाणीं आहे. हायड्रॉसमुळें शिळा ऊंस, अपक्व ऊंस, युरियानें फुगलेला ऊंस, मळी न काढलेला रस, हे सगळे एकाच पिवळ्या रंगांत बाहेर पडूं लागले. पूर्वीं रंग पाहून चांगल्या कामास दोन पैसे अधिक मिळत. आतां ज्यानें पक्व ऊंस त्याच दिवशीं गाळला, चुना मोजून घातला, मळी सबुरीनें काढली, त्याचा नैसर्गिक सोनेरी गूळ हायड्रॉसच्या फिकट पिवळ्या गुळाशेजारीं मळकट दिसतो व त्यासच कमी भाव मिळतो. चांगल्या कामाची किंमत अशी एकदां गेली म्हणजे तें काम करणारे हळूहळू उरत नाहींत. मग सर्वच गूळ मऊ होतो, पावसाळ्यांत पाझरतो, आणि दूरचा व्यापारी आपला कोल्हापुरी नांवावरील विश्वास काढून घेतो.

काहिलींत स्वस्त साखर ओतून गूळ करण्याचा प्रकार याच जातीचा. त्यास आळा घालणें आणखी कठीण आहे. नियम सांगतो कीं गुळांत मूळ साखर शेंकडा ६० हून कमी नसावी व एकंदर साखरा शेंकडा ९० हून कमी नसाव्या. मूळ साखर अधिकांत अधिक किती असावी हें तो सांगत नाहीं. अर्थात् साखर मिसळलेला गूळ या दोन आंकड्यांत आरामांत बसतो. क्षारांचें प्रमाण नेहमींपेक्षां कमी आढळलें तर संशय घेतां येतो, इतकेंच.

पुष्कळ लोक म्हणतात, हायड्रॉसवर कडक बंदी घाला, धाडी घाला, गुऱ्हाळें बंद करा. दंडाची भीति असावी हें मला मान्य आहे. परंतु सौदा जोंवर डोळ्यानें होतो, तोंवर हायड्रॉस न वापरणारा शेतकरी रोज स्वतःच्या खिशांतून दंड भरीत असतो. तेव्हां एका बाजूनें सरकारचा दंड व दुसऱ्या बाजूनें बाजाराचा दंड यांत त्यास उभें करून काय साधणार? गुऱ्हाळें आधींच कमी होत चाललीं आहेत. मजूर मिळत नाहींत, जळणाचा खर्च वाढला आहे, आणि उंसास कारखान्यांत जसा कायद्यानें ठरलेला किमान दर आहे तसा गुळास नाहीं. उपाय सौद्यांतच करावा लागेल.

दुधाच्या धंद्यांत हें घडलेलें आहे. एके काळीं दूधहि डोळ्यानें व जिभेनें विकत असत. जाड दिसावें म्हणून त्यांत काय काय मिसळीत हें सर्वांस ठाऊक आहे. १९४६ सालीं स्थापन झालेल्या खेडा जिल्ह्याच्या दूधसंघानें व पुढें देशभरच्या सहकारी संघांनीं दूध स्निग्धांशावर घेण्याची रीत घातली. गर्बरच्या नळींत स्निग्धांश किती चढला, त्यावर पैसे. पाणी घालून फायदा होईना, तेव्हां पाणी घालण्याचें मूळ कारणच गेलें. साखर कारखान्यांतहि उंसाचा दर उताऱ्याशीं बांधलेला आहे. मग गुळाच्याच बाबतींत डोळा हा एकटा पंच कां असावा?

आपल्यासारख्या शेतकऱ्यांच्या संस्थेनें हें काम लहान प्रमाणांत सुरू करण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाहीं. प्रत्येक सभासदानें आधणवार नोंद ठेवावी: कोणत्या शेताचा, कोणत्या वाणाचा ऊंस, केव्हां तोडला, केव्हां गाळला, रसाचा ब्रिक्स व सामू किती, कोणत्या अंशास उतरविला. एवढें लिहिण्यास एक ओळ पुरते. गुळाचा पाण्याचा अंश, फुटलेली साखर व गंधकाचा अंश या तीन गोष्टी प्रयोगशाळेंत तपासून त्यांची चिठ्ठी मालाबरोबर सौद्यांत ठेवावी. प्रत्येक रवा तपासण्याची जरूर नाहीं. एका शेताचा व एका आठवड्याचा माल एक वाटा धरून त्यांतील कांहीं रव्यांचा मिश्र नमुना पाठविला तरी चालतो, आणि खर्च सर्व रव्यांवर वांटला जातो. पहिल्या वर्षीं व्यापारी या चिठ्ठीकडे पाहणारहि नाहींत. परंतु पावसाळाभर माल सांभाळून ठेवणारा व्यापारी मऊ गुळानें नेहमींच पोळलेला असतो. शीतगृहाचें भाडें तो देतो, पाझरलेल्या मालाचें नुकसानहि तोच सोसतो. त्याला टिकाऊपणाची हमी हवी असते, ती त्यास रंगांत मिळत नाहीं. चिठ्ठीचें पहिलें गिऱ्हाईक तोच होईल असें वाटतें. मोठा रवा सोडून किलो-अर्ध्या किलोच्या वड्या किंवा भुकटी थेट शहरांत विकणारे जे थोडे सभासद आहेत, त्यांस तर ही चिठ्ठी वेष्टनावरच छापतां येईल.

सांठवण:— साठवणीचे नियम थोडे आहेत, पण ते मोडले तर वरचें सर्व वाया जातें. गूळ पूर्ण निवल्याखेरीज बांधूं नये. उष्ण गूळ कापडांत किंवा प्लास्टिकांत गुंडाळला तर स्वतःच्याच वाफेनें ओला होतो. हवेंतील आर्द्रता शेंकडा ७० च्या वर गेली कीं गूळ पाणी ओढूं लागतो, म्हणजे आपल्याकडे मृगापासून पुढें. तत्पूर्वींच, कोरड्या दिवशीं, तो हवा न शिरेल अशा जाड प्लास्टिकच्या आवरणांत बांधून फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावा. पावसाळ्यांत खोली वारंवार उघडूं नये. वारा खेळावा म्हणून खिडक्या उघड्या ठेवण्याची धान्याची रीत गुळास मुळींच लागू नाहीं.

ज्यांस वरील मतांविषयीं शंका असेल, त्यांनीं येत्या हंगामांत एक प्रयोग करावा. एकाच शेताच्या उंसाचीं, एकाच दिवशीं, लागोपाठ दोन आधणें घ्यावीं; एकांत हायड्रॉस नेहमींप्रमाणें घालावा, दुसऱ्यांत घालूं नये; बाकी सर्व सारखें. दोन्हींचे अर्धा-अर्धा किलोचे चार चार तुकडे काढून दोन कागदांत व दोन बंद बरण्यांत ठेवावे, प्रत्येकावर तारीख घालावी, आणि दर महिन्यास त्यांचें वजन करून रंगाची नोंद करावी. वजन वाढलें तितकें पाणी गुळानें ओढलें असें समजावें. हायड्रॉसचे तुकडे पुढें खावयास किंवा विकावयास काढूं नयेत. पाडव्याच्या मुहूर्ताचे सौदे झाल्यावर गुऱ्हाळें रंगांत येतात; डिसेंबरांत ठेवलेले तुकडे श्रावणापर्यंत सांभाळले तर नोंदी पुऱ्या होतील, आणि त्या सर्वांच्या एकत्र करून मासिकांत छापतां येतील.